पान एक्केचाळीस ते चव्वेचाळीस

"इथे 'नाही' असं लिहा, मुकादम," सचिवबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचं टोक फॉर्मच्या चौथ्या रकान्यावर टेकवलं.

रकान्यावर छापलं होतं: जोडीदार, आणि त्याचा किंवा तिचा बंदराशी संबंध. गेली अकरा वर्षं मुकादम तिथे एकच ओळ लिहीत आले होते. पत्नी, बंदराच्या दवाखान्यात नर्स. मधे एकदा 'नर्स'च्या आधी 'मुख्य' हा शब्द वाढला, तेवढाच काय तो फरक.

"काय नाही लिहू?"

"म्हणजे... जोडीदार नाही. आणि त्याच्या खाली, मंडळापुढच्या कोणत्याही विषयात माझा हितसंबंध नाही. मग सही." सचिवबाईंचा आवाज खाली गेला. "फार लवकर विचारतेय, कळतंय मला. पण नवीन वर्षाचा फॉर्म सगळ्यांचाच घ्यावा लागतो. आणि आजच्या बैठकीआधी."

मुकादमांनी फॉर्म हातात घेतला. पस्तीस वर्षं जहाजांचे दोर ओढून त्यांची बोटं अशी झाली होती की त्यांत पेन काडीसारखं दिसायचं. जहाज धक्क्याला लागताना जी टोळी त्याचे जाड दोर झेलून लोखंडी खुंटांना अडकवते, त्या टोळीचे ते मुकादम. शिवाय कामगारांनी निवडून दिलेले म्हणून बंदराच्या मंडळाचे सदस्य. मंडळाच्या नऊ खुर्च्यांपैकी दोन कामगारांच्या होत्या. त्यांतली खिडकीजवळची यांची. दुसरीवरचा माणूस निवृत्त झाला होता आणि त्याच्या जागी अजून कोणी आलेलं नव्हतं.

"बैठकीआधी देतो," ते म्हणाले.

"द्या सावकाश. ही तुमची फाईल." सचिवबाईंनी निळी फाईल पुढे सरकवली, पण लगेच सोडली नाही. "मुकादम, या वेळी पूर्ण आहे. आता द्यायला हरकत नाही. आता तुम्ही मोकळे..." त्या थांबल्या. "सॉरी. तसं म्हणायचं नव्हतं मला."

"कळलं," मुकादम म्हणाले आणि फाईल घेऊन बाहेर आले.

पूर्ण म्हणजे काय, ते त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. मंडळाचा नियमच होता. ज्या विषयात सदस्याचा किंवा त्याच्या जोडीदाराचा संबंध असेल, त्या विषयाचे कागद त्या सदस्याला द्यायचे नाहीत. विषय निघाला की त्याने उठून बाहेर जायचं, मत द्यायचं नाही. तेवढ्या वेळापुरता तो हजेरीतही धरला जात नाही. म्हणून दवाखान्याचा विषय असला की सचिवबाई यांच्या फाईलमधून तेवढी पानं काढून घेत. चाळीसच्या पानानंतर एकदम पंचेचाळिसावं यायचं. मुकादमांना त्या रिकाम्या जागेची इतकी सवय झाली होती की अंगठा आपोआप तिथून पुढे जाई.

विषय निघाला की हे बाहेर येत, आणि माहिती द्यायला दवाखान्याच्या नर्सला आत बोलावत. त्यामुळे वर्षातून दोनदा नवरा-बायको त्या दारात समोरासमोर येत. ती पांढऱ्या बुटांत, हातात तिचे कागद. हे दार धरून उभे.

"या सिस्टर," हे म्हणत. कारण तिथे सगळेच तिला सिस्टर म्हणत.

"बसा बाहेर," ती म्हणे. आणि जाता जाता, कोणाला ऐकू जाणार नाही असं, "बटण लावा वरचं."

मग दार बंद व्हायचं. अकरा वर्षांत ती आत काय बोलली, कशी बोलली, यांनी एक शब्द ऐकला नव्हता. एकदाच, अगदी सुरुवातीला, जेवताना त्यांनी विचारून पाहिलं होतं. "आज आत काय ठरलं गं?"

"तुम्ही बाहेर होतात ना? मग बाहेरच राहा. वाढू अजून?"

त्यावर दोघंही हसले होते. पण पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही. मंडळाच्या दाराबाहेरचा शिपाई थट्टा करायचा, "मुकादम, घरी पण दार लावून घेता की काय?" बाकी सगळं बोलून व्हायचं, भांडूनही व्हायचं. हा एक विषय मात्र त्या घरात नव्हता.

ती जाऊन नऊ आठवडे झाले होते.

*

शेवटचे तीन आठवडे ती गावातल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये होती. पोटाचं दुखणं. कळलं तेव्हा उशीर झालेला होता आणि ते सगळ्यात आधी तिलाच कळलं होतं. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मुकादम चहा घेऊन वर आले, तर ती उशीला टेकून लिहीत बसलेली. मांडीवर केस-पेपर लावायची पाटी, त्यावर कागद. यांना बघून तिने डावा तळवा कागदावर ठेवला.

"काय लिहितेस?"

"तुमच्या कामाचं नाही."

"मग कोणाच्या?"

"झोपा जरा तिकडे खुर्चीत. डोळे बघा कसे झालेत."

ते खरंच झोपले. पुढचे दोन दिवसही ती थोडं थोडं लिहीत होती. एकदा त्यांनी झोपेचं सोंग घेऊन पाहिलं, तेव्हा चार पानं भरलेली दिसली. मग ते कागद दिसेनासे झाले. चार दिवसांनी तीही गेली.

तेव्हापासून मुकादम ते कागद शोधत होते. तिची हॉस्पिटलची पिशवी उलटी करून झाली. कपाट, त्यातल्या साड्यांच्या घड्या, गादीखाली, शिवणाच्या डब्यात, तिच्या पांढऱ्या बुटांच्या आतसुद्धा. पाटी सापडली, कोरी. दर रविवारी मुलगी फोनवर विचारायची, "बाबा, सापडलं काही?"

"नाही गं."

"असेल एखादी यादी. आईला याद्या करायची सवयच होती. गॅसवाल्याचा नंबर, विम्याचे कागद कुठे ठेवलेत..."

"हो, यादीच असेल," ते म्हणायचे. पण मरायला टेकलेलं माणूस चार पानं भरून गॅसवाल्याचा नंबर लिहीत नाही, हे त्यांना कळत होतं. नऊ आठवडे ते त्या चार पानांवरच उठत-बसत होते. त्यांत आपल्यासाठी काहीतरी असणार. एवढ्या वर्षांच्या संसारात ती त्यांना म्हणून बसून लिहिलेलं काही मागे ठेवून गेली नव्हती. होत्या त्या फ्रिजवरच्या चिठ्ठ्या. 'दूध तापवा.' 'मला उशीर होईल.'

आज मंडळाच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून त्यांनी फाईल उघडली. चाळीसचं पान उलटलं. अंगठा सवयीने पुढे गेला आणि अडखळला.

पान एक्केचाळीस. तिचं अक्षर.

ती दवाखान्याची नोंदवही उभ्या उभ्या लिहायची, त्यामुळे तिच्या ओळी उजवीकडे वर चढत. या ओळी उतरत होत्या. वर मंडळाच्या आवक विभागाचा गोल शिक्का, तारीख ती जायच्या आदल्या दिवसाची. टपालाने आलेलं होतं. म्हणजे हे खाली चहाला गेले असताना तिने पाकीट कोणाच्या तरी हाती दिलं असणार.

'प्रति, माननीय अध्यक्ष, बंदर मंडळ. विषय: धक्क्यावरचा दवाखाना बंद न करण्याबाबत. महोदय,'

एवढं वाचून झालं आणि पुढचं दिसेना. मुकादमांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला. तेवढ्यात बाक शेजारून दबला.

"बरं झालं बाबा आलात!" शेठ होते. बंदरातली निम्मी गोदामं त्यांची, आणि व्यापाऱ्यांच्या वतीने मंडळावर तेच. तोंडाने फटकळ, मनात काही न ठेवणारा माणूस. "तुम्ही आला नसतात तर आम्ही चौघं चहा पिऊन घरी गेलो असतो. दोघं परदेशी, एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन, तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी. आज पाचच आहोत. मोजून पाच."

"कोरमला पाचच लागतात," मुकादम म्हणाले.

"तेच तर म्हणतोय. जेमतेम कोरम आणि त्यात तुमचा सात नंबरचा विषय." शेठनी आवाज उतरवला. "खोटं कशाला बोलू, मुकादम? आम्ही चौघंही बाजूने आहोत. नवीन फाटकाला ती जागा लागणारच. गावातल्या हॉस्पिटलशी बोलणंही झालंय, सगळ्या कामगारांना तिथे घेतील. तुम्ही विरोध करा, तुमचं कामच आहे ते. कोणी वाईट वाटून घेणार नाही."

"धक्क्यावरून दवाखान्यात माणूस चार मिनिटांत पोचतो. गावातलं हॉस्पिटल म्हणजे रेल्वेचं फाटक, मग ट्रकची रांग. पाऊण तास."

"बोला ना हे आत. चांगलं जोरात बोला."

मुकादमांनी मांडीवरची फाईल मिटली. मागच्या वर्षी दोर तुटून त्यांच्या टोळीतल्या एकाच्या मांडीवर बसला होता. चार मिनिटांत त्याला तिच्या टेबलावर ठेवलं. तिने गाठ मारून, त्यावर गुडघा दाबून रक्त थांबवलं. तो माणूस आज सकाळीही कामावर होता, किंचित लंगडत, यांनाच शिव्या देत.

अध्यक्ष आले. सगळे उभे राहिले, तेही उठले. अध्यक्षांनी बाकीच्यांना आत जायची खूण केली आणि मुकादमांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पत्र वाचलंत?"

"आत्ता हातात आलंय, साहेब."

"वाचा. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं पत्र माझ्या टेबलावर आलं नव्हतं. मी दोनदा वाचलं." अध्यक्ष सभ्य माणूस होते, ते मनापासूनच बोलत होते. "मी काय म्हणतो, विषय निघाला की ते तुम्हीच वाचून दाखवा. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. इतिवृत्तात शब्द न् शब्द घेऊ. मग मतदान. तुमचा विरोध ठळक नोंदवू. बाईंना तेवढा मान मिळायलाच हवा."

"आणि दवाखाना?"

अध्यक्षांनी खांद्यावरचा हात काढला. "ते आता ठरल्यासारखंच आहे, मुकादम. पण त्यांचं म्हणणं कागदावर राहील कायमचं. शेवटच्या पानावर तुमच्याबद्दल पण आहे. दोन ओळी."

"माझ्याबद्दल? मंडळाच्या पत्रात?"

"वाचाच तुम्ही. दहा मिनिटं आहेत अजून."

*

मुकादम फाईल छातीशी धरून पॅसेजच्या टोकाच्या खिडकीपाशी गेले. तिथून दवाखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसायचं आणि त्यापुढे उभी असलेली ॲम्ब्युलन्स. दाराशी कोणीतरी चादरी वाळत घालत होतं.

दोन ओळी. पान चव्वेचाळीस. अंगठ्याने कडा उचलली की झालं. मंडळातल्या चौघांनीही त्या वाचल्या होत्या. सचिवबाईंनी वाचल्या होत्या, आवक विभागातल्या कारकुनाने वाचल्या असतील. बायकोने नवऱ्याबद्दल लिहिलेलं सगळ्या बंदराला माहीत, फक्त नवरा सोडून.

आणि वाचायचं म्हणजे आत बसायचं. आत बसलं की हे पाचवे. पाच झाले की कोरम झाला. कोरम झाला की चार विरुद्ध एक. मोठ्याने वाचून दाखवायचं, शेठ डोळे पुसणार, आणि पाच मिनिटांनी दवाखाना बंद.

बाहेर राहिलं तर आत चौघंच उरतात. चौघांना काही ठरवता येत नाही.

पण बाहेर राहणारा माणूस हे कागद वाचत नाही. वाचून मग 'माझा संबंध आहे' म्हणायचं, असं होत नाही. अध्यक्षांनी तिथल्या तिथे धरलं असतं, आणि बरोबरच धरलं असतं. म्हणाले असते, कागद घेताना त्रयस्थ होतात, वाचल्यावर संबंध आठवला का? तिने अकरा वर्षांत एकदाही आतली गोष्ट बाहेर सांगितली नव्हती. अगदी यांनी विचारल्यावरसुद्धा.

हे पत्र तिने यांना लिहिलेलं नव्हतं. दवाखाना राहावा म्हणून लिहिलं होतं. ती म्हणत होती ते करायचं, तर तिने लिहिलेलं वाचता येत नव्हतं.

मुकादम खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांनी एकदा पानांवर तळवा ठेवला. बाकीच्यांकडे नकला होत्या, यांच्या फाईलला मूळ कागद लावला होता; त्यावर पेनाची धार हाताला लागत होती. ती फार दाबून लिहायची. बराच वेळ त्यांनी हात तिथेच ठेवला. मग पानं न बघता, पालथी करून, फाईलच्या क्लिपमधून काढली. एक, दोन, तीन, चार. खिशातून पेन काढून फॉर्म खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि चौथ्या रकान्यात दर वर्षीची ओळ लिहिली.

*

पहिले सहा विषय लवकर आटपले. गाळ काढायचं काम, दिव्याचा खांब, असंच काहीबाही. मुकादमांनी दोन ठिकाणी हो म्हटलं, एका ठिकाणी प्रश्न विचारला.

"विषय क्रमांक सात," अध्यक्ष म्हणाले. "धक्क्यावरील दवाखाना."

मुकादम उभे राहिले.

"माझा या विषयात संबंध आहे."

खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवत होतं, तेही थांबलं.

"मुकादम," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "आता तसं राहिलेलं नाही."

"फॉर्म दिलाय मी."

सचिवबाईंनी समोरचा फॉर्म उचलला. वाचला. पुन्हा वाचला. "चौथा रकाना," त्या वाचू लागल्या, "पत्नी, बंदराच्या दवाखान्यात मुख्य नर्स."

"अहो, पण त्या..." अध्यक्षांना वाक्य पुरं करवेना.

ते खजिन्याच्या साहेबांनी केलं. ते नवीन होते. "जोडीदार म्हणजे हयात जोडीदार. उघड आहे."

"तसं लिहिलंय का नियमात?" मुकादमांनी विचारलं.

सगळ्यांनी सचिवबाईंकडे पाहिलं. "तसं... लिहिलेलं नाही, साहेब."

"आणि संबंध आहे की नाही ते सदस्याने सांगायचं, मंडळाने नाही. अकरावा नियम. अकरा वर्षं मी त्याच नियमाने बाहेर बसलोय. तेव्हा मला आत घ्यायची कोणाला घाई नव्हती."

"मुकादम, हा कोरम मोडायचा डाव आहे," शेठ म्हणाले. पण त्यात राग कमी होता.

"असेल. पण खोटं बोलत नाही मी, शेठ. पत्रात माझ्याबद्दल दोन ओळी आहेत, साहेबांनीच सांगितलं. ज्याच्याबद्दल लिहिलंय तो त्रयस्थ कसा?" त्यांनी चार पानं पालथी सचिवबाईंपुढे ठेवली. "ही घ्या. वाचलेली नाहीत. वरच्या दोन ओळी नजरेला पडल्या, तेवढंही लिहून घ्या."

सचिवबाईंनी पानांवर हात ठेवला, पण उचलली नाहीत.

"अहो, वेडे आहात का तुम्ही?" शेठ उठूनच उभे राहिले. "तुमचं-आमचं राहू द्या बाजूला. त्या दोन ओळी तरी ऐकून जा. मी सांगतो, मला पाठ झाल्यात. त्यांनी म्हटलंय, माझे मिस्टर..."

मुकादमांचा हात वर गेला. तळवा पुढे, बोटं ताठ. दोर ताणला जात असताना धक्क्यावरून तो हात वर गेला की शंभर पावलांवरचं यंत्र थांबायचं. शेठ थांबले.

"नको," मुकादम म्हणाले. "हात जोडतो."

ते दारापर्यंत गेले. दार उघडलं, आणि अकरा वर्षांच्या सवयीने ते धरून बाजूला उभे राहिले. आत जायला समोर कोणी नव्हतं. पॅसेज रिकामा होता. आतले सगळे बघत होते. मग त्यांनी बाहेर येऊन दार हळूच ओढून घेतलं.

"आज पण बाहेर?" शिपाई म्हणाला.

"आज पण."

"आता कशाला?"

मुकादम बाकावर बसले आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

*

दहा मिनिटांनी दार उघडलं. पहिले अध्यक्षच आले.

"पुढे ढकलला विषय. चौघांत काय ठरवणार?" त्यांच्या सभ्यपणाला आता कडा आली होती. "पुढच्या महिन्यात ते तिघंही येतील, मुकादम. सात जण असतील. तुम्ही तेव्हाही असेच बाहेर बसाल, आता आत यायची वाट तुम्हीच बंद केलीत. आम्ही ठराव करू. काय मिळवलंत?"

"महिना," मुकादम म्हणाले.

अध्यक्ष त्यांच्याकडे बघत राहिले. मग जिन्याकडे गेले. शेठ त्यांच्या मागोमाग निघाले होते. मुकादमांपाशी येताच त्यांनी मान हलवली, डोळ्यांवरून बोट फिरवलं आणि पुढे गेले.

सगळ्यांत शेवटी सचिवबाई आल्या. हातात लाख लावलेलं पाकीट होतं. "हे आता कपाटात राहील," त्या म्हणाल्या. "विषयाचा निर्णय लागेपर्यंत बंद. निर्णय लागला की अर्ज करून कोणालाही नक्कल मिळते. तुम्हालासुद्धा."

"म्हणजे दवाखाना गेला की."

"हो."

"आणि राहिला तर?"

"विषय मागे घेतला तर फाईल तशीच बंद होते." त्यांनी पॅसेजमध्ये दोन्हीकडे पाहिलं. शिपाई कप गोळा करायला आत गेला होता. "मुकादम, याची एक नक्कल माझ्या टेबलावर आहे. मशीनवर काढताना जास्तीची निघाली. मी ती फाडणार आहे. पण आत्ता लगेच फाडलीच पाहिजे असं काही नाही."

मुकादमांनी दोन्ही हात खिशात घातले. खोल, मनगटापर्यंत.

"फाडा, बाई."

"किती शोधलंत तुम्ही. माझ्याकडे पण येऊन विचारून गेलात, ऑफिसात काही ठेवलंय का म्हणून. तेव्हा माहीत असून मला सांगता आलं नाही."

"नियमच तसा आहे. बरं केलंत." ते उठले. "हरवलेलं नाही ना आता. कुठे आहे ते कळलं."

जिना उतरताना त्यांनी मुलीला फोन लावला. आज रविवार नव्हता, त्यामुळे ती घाबरूनच बोलली. "काय झालं बाबा?"

"काही नाही. ते आईचे कागद सापडले."

"खरंच? कुठे? काय लिहिलंय?"

"ऑफिसचं पत्र होतं गं. दवाखान्याबद्दल, मंडळाला."

"म्हणजे..." ती अडखळली. "म्हणजे आपल्याला काहीच नाही?"

"माझ्याबद्दल आहे म्हणतात. दोन ओळी."

"म्हणतात म्हणजे? तुम्ही वाचलं नाही?"

"मला बाहेर जावं लागलं."

तिने पुढचं विचारलं नाही. ती त्याच घरात वाढली होती. फक्त म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं ना..." आणि तिचा आवाज फुटला. मुकादम फोन कानाला धरून जिन्याच्या पायरीवर बसले, ती शांत होईपर्यंत. मग म्हणाले, "जा, काम कर तुझं. मी रविवारी बोलतो."

*

टोळीकडे जायची वाट दवाखान्यावरून जात नव्हती. तरी ते तिकडून गेले. बाहेरच्या बाकावर तिघं होते. एकाच्या डोळ्यांत कोळशाचा कण गेलेला, एक खोकत होता, तिसरा बहुतेक सावलीलाच बसला होता. मुकादम दारात उभे राहिले. तिच्या खुर्चीवर आता एक नवी मुलगी होती. तिने मान वर केली.

"काका? काय होतंय?"

"काही नाही. सहज आलो."

"इथे सहज कोणी येत नाही. चेहरा बघा कसा झालाय. बसा इथे." तिने त्यांचं काही ऐकून घेतलं नाही. बाही वर सरकवली, दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, हात टेबलावर उताणा ठेवला. "आता बोलायचं नाही हं. बोललं की आकडा चुकतो."

पट्टा आवळत गेला.

"सिस्टर!" बाहेरून कोणीतरी ओरडलं. टोळीतलेच दोघं आत आले, एकाने दुसऱ्याचा हात धरून वर केलेला, त्यावर कोणाचा तरी शर्ट गुंडाळलेला आणि शर्टाला रक्त. तारेच्या दोराचं तुटकं टोक तळहातात घुसलं होतं.

"काका, हलू नका, आलेच," म्हणत ती उठली. पडदा ओढला गेला. पलीकडे भांड्यात काहीतरी खणखणलं, पाणी ओतल्याचा आवाज आला, जखमी माणूस एकदा जोरात कळवळला.

"बघ इकडे. बोटं हलव. अरे हलव ना, घाबरतोस काय? एकेक करून."

पलीकडे सगळं शांत झालं.

"हलतायत," ती म्हणाली.

मुकादम होते तसेच बसून होते. पट्टा दंडाला, हात टेबलावर उताणा. तिने सांगितलं होतं म्हणून ते काही बोलत नव्हते.